नव्या गाडीखालचा थेंब

आमच्या ह्यांना काळजी करायला कारण लागत नाही, नुसती उभं राहायला जागा लागते. लिफ्टमध्ये शिरले की तिच्या दोराची काळजी, दवाखान्यात गेले की डॉक्टरांच्याच खोकल्याची. घराला कुलूप लावून आम्ही कोपऱ्यापर्यंत जातो, तिथून हे परत फिरतात आणि कुलूप ओढून बघतात. एकदा इतक्या जोरात ओढलं की कडीच हातात आली. उघडं घर टाकून जाता येईना म्हणून माझ्या बहिणीकडचं जेवण बुडालं. मी तोंड सोडलं तर हे कडी न्याहाळत म्हणतात, "बघ, कच्चीच होती."

असा माणूस जन्मभर एका मालवाहतूक कंपनीच्या वर्कशॉपमध्ये ट्रकखाली पाठीवर पडून राहिला. ट्रकच्या मागच्या दोन चाकांच्या मध्ये जो लोखंडी गोळा लटकतो, त्याला डिफरन्शिअल म्हणतात. हे त्याला भोपळा म्हणतात. इंजिनाची ताकद एका लांब दांड्यावाटे मागे येते आणि भोपळ्यातली दातेरी चक्रं ती दोन्ही चाकांना वाटून देतात. ही चक्रं दाट, उग्र वासाच्या तेलात बुडालेली असतात. ते तेल बाहेर येता कामा नये, एवढं बघणं ही यांची नोकरी. भोपळ्याला कुठे नुसती ओल दिसली तरी हे गाडी सोडत नसत, म्हणून तिथे यांचं नाव पडलं टिपूसराव. निरोपाच्या भाषणातसुद्धा साहेब टिपूसरावच म्हणाले, आणि हे खूश.

हसण्यासारखं आहे, पण त्यामागे एक न हसण्यासारखी गोष्टही आहे. एकदा दुसऱ्या डेपोतला एक ट्रक ओढून यांच्याकडे आणला होता. भोपळ्यातलं तेल थेंबाथेंबाने कधी संपलं ते कुणाला कळलं नव्हतं. घाटाच्या उतारावर आतली चक्रं एकमेकांत रुतली, मागची चाकं जागच्या जागी थांबली आणि भरलेली गाडी आडवी झाली. ड्रायव्हर वाचला, पण पुन्हा सरळ चालला नाही. यांनी भोपळा उघडला तेव्हा आतलं लोखंड तापून निळं पडलेलं होतं. त्या दिवशी घरी आले ते ताटावरून तसेच उठले.

आमची एकुलती एक मुलगी मधमाश्यांच्या पेट्या फिरवते. फळबागा फुलावर आल्या की बागवाल्यांना मधमाश्या हव्या असतात, फुलं फळाला लागावीत म्हणून. मग ही पेट्या गाडीत लादून बागेत नेऊन मांडते, तिथला बहर संपला की उचलून पुढच्या बागेत. मधमाशी चावली तर काय, या काळजीतून हे बाहेर येतायत तोवर तिने ड्रायव्हिंग शिकून घेतलं. मग घाट. मग पाऊस. मग एकटी. यांच्या काळज्या तिच्याबरोबर वाढत गेल्या.

मागच्या हंगामात वादळाची बातमी होती आणि हिला दूरच्या बागेत जायचं होतं. यांनी कुणाला न सांगता तिच्या जुन्या गाडीच्या बॅटरीची वायर काढून ठेवली. गाडी सुरू होईना. मेकॅनिक येऊन त्याने वायर बघेपर्यंत बागवाल्याने दुसऱ्याच्या पेट्या लावून घेतल्या होत्या. वादळ तर आलंच नाही. मुलगी कितीतरी दिवस यांच्याशी कामापुरतं बोलत होती.

नवी पिकअप दारात आली त्या दिवशी मात्र ती बोलली. जेवण झाल्यावर हात धुऊन परत टेबलाशी बसली आणि म्हणाली, "बाबा, या गाडीला तुम्ही हात लावायचा नाही. पुन्हा माझ्या पाठीमागे काही केलंत, तर बागांच्या बाजूला मला एक खोली मिळतेय. मी तिकडे राहायला जाईन. रागाने नाही सांगत."

रागाने सांगितलं असतं तर मला त्याचं काही वाटलं नसतं. राग माझ्याकडूनच तर गेलाय तिच्यात, आणि तो कसा उतरवायचा ते मला माहीत आहे. हे थंडपणे सांगणं वेगळं होतं. हे मान हलवून "बरं" म्हणाले.

आणि पुढच्याच आठवड्यात ती एका बागवाल्याबरोबर त्याच्या जीपने दिवसभर बागा बघायला गेली, तर हे दुपारी मागच्या दाराने हात काळे करून आत आले. वर्कशॉपमध्ये यांची एक रीत होती. नवी गाडी आली की रस्त्यावर जाण्याआधी तिच्या तळाला काळा, डांबरासारखा लेप मारायचा, गंज लागू नये म्हणून. सांगितलेलं काम नव्हे, यांचं आपलं. तळ काळा झाल्याशिवाय गाडी उघडीवाघडी वाटते म्हणायचे.

"अहो, हात लावायचा नाही म्हणाली होती ना ती?"

"हात कुठे लावलाय? ब्रश लावलाय."

"ती आली की सांगा बरं."

"सांगतो की," म्हणाले, आणि सांगितलं नाही. तिला कळलं तर ती जाईल, हे मलाही दिसत होतं. मीही चूप बसले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, सकाळी मी भाजी चिरत असताना हे आले आणि बोट माझ्या नाकाशी धरलं. "वास घे."

कुजलेल्या अंड्यासारखा वास. मला तर शिसारीच आली. "कुठे घातलं होतं बोट?"

"तिच्या गाडीखाली थेंब पडलाय. भोपळ्यातलं आहे." यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. बहर तोंडावर आला होता, आणि या वेळी मोठ्या बागा घाटापलीकडे होत्या. भरलेली गाडी, लांबलचक उतार, आणि तीच एकटी. यांना काय दिसत होतं ते मला वेगळं सांगायला नको होतं.

मुलीला सांगितलं तर तिने आधी कपाळाला हात लावला. "बाबा, सुरू झालं तुमचं? नवी गाडी आहे ती."

"मी हात लावत नाही. तू फक्त खाली वाकून बघ."

तिने बघितलं, आणि उठली तेव्हा तिचाही चेहरा उतरला होता. गाडी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये घेऊन गेली. तिथल्या फोरमनने सांगितलं, थोडा घाम आहे, नव्या गाडीला येतो कधीकधी, चालवा. हा निरोप ऐकून यांनी घराला प्रदक्षिणा घालायला सुरुवात केली. घाम माणसाला येतो, म्हणाले, लोखंडाला नाही येत.

दोन थेंबांचे चार झाले तेव्हा मुलीने स्वतःहून विचारलं, "कुठून येतंय ते कसं बघायचं?" यांचे डोळे असे चमकले की मला हसूही आलं आणि कीवही. तेल गळतं एका ठिकाणाहून आणि ओघळून दिसतं भलत्याच ठिकाणी, वारा त्याला मागे फासतो, म्हणून आधी सगळं पुसून लख्ख करायचं. यांनी सांगायचं, तिने पुसायचं. मग वर पावडर उडवायची. माझी तोंडाला लावायची पावडर नेली. अख्खा डबा भोपळ्यावर उधळला. ती मोठ्या रस्त्याने चक्कर मारून आली आणि बापलेक दोघं पोटावर पडून बॅटरीच्या उजेडात बघत राहिले. मागचं झाकण पांढरं. खालचं तेल सोडायचं बूच पांढरं. चाकांच्या बाजू पांढऱ्या. आणि पुढे, जिथे लांब दांडा भोपळ्यात शिरतो, तिथल्या रबरी सीलपासून एक ओला काळा ओघळ.

"पिनियनचं सील," हे म्हणाले.

वर्कशॉपवाल्यांनी सील बदलून दिलं. रिकामी गाडी गावातल्या गावात फिरली तोवर सगळं कोरडं होतं. पेट्या लादून जवळच्या बागेला एक खेप केली, आणि परत ओल. पुन्हा सील बदललं. पुन्हा खेप, पुन्हा ओल. मुलगी वर्कशॉपमध्ये जाऊन त्या फोरमनला वाट्टेल ते बोलून आली. फोनवरही तिचा आवाज असा चढायचा की शेजारीण गॅलरीत येऊन उभी राहायची. शेवटी फोरमन म्हणाला, गाडी आमच्याकडे सोडा, अख्खा भोपळाच मागवावा लागेल, कधी येईल सांगता येत नाही. तो येईपर्यंत बहर संपला असता. एक हंगाम मागे गेलाच होता, आणि आता बागवाले कुठवर थांबणार?

"मी जाणार," मुलगी म्हणाली. "तेलाचा डबा बरोबर घेते. थांबून थांबून बघत जाईन."

काळजीने बडबडणारा हा माणूस गप्प बसला की माझा धीर सुटतो. जेवताना त्यांनी भाताचे नुसते ढीग केले आणि मोडले. मी म्हटलं, अहो, तिला घाट माहीत आहे, ती सावकाश जाईल. हे म्हणाले, "दोन वेळा सील कच्चं निघत नाही गं. मग काय? मग काय आहे आत?" मला विचारल्यासारखं विचारत होते. मला काय कळतंय त्यातलं! मी रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर झाले आणि तेही.

निघायच्या आदल्या दिवशी ती जवळच्या बागेतून खेप करून आली. गाडी तापलेली होती. ती अंघोळीला गेली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघते तर यांची पावलं गाडीखालून बाहेर आलेली. हात लावायचा नाही हे वचन पार विसरून, किती तेल उरलंय ते बघायला, यांनी भोपळ्याच्या कुशीतलं तेल भरायचं बूच सैल केलं होतं.

आतून हवा सुटली. सायकलच्या ट्यूबची सुटते तशी, फुस्स करून, आणि बराच वेळ. मला खिडकीत ऐकू आली. एरवी गाडीखाली यांची पावलं सारखी हलत असतात. ती थांबली. मला वाटलं काही लागलं. "अहो!" अशी हाक मारली. ओला हात तसाच घेऊन मी धावले.

खाली वाकून बघितलं तर हे पाठीवर पडून वर बघत होते. "आत हवा कोंडलीय," म्हणाले. "मी कोंडलीय."

घरात आणून, पाणी पाजून, मग मला नीट कळलं. गाडी चालली की भोपळा तापतो, आतली हवा फुगते. तिला बाहेर जायला वरच्या अंगाला एक बोटाच्या पेराएवढी टोपी असते, तिला बारीक भोक. लेप मारण्याआधी त्या टोपीला चिकटपट्टी लावायची असते. वर्कशॉपमध्ये ज्यांनी ती लावली नाही त्यांना यांनी चारचौघांत धुऊन काढलं होतं. आणि इथे, पोरगी कधी येते या धास्तीने, घाईघाईत, हे स्वतःच पट्टी लावायला विसरले. टोपीवर लेपाचा जाड थर बसला. हवेला वाट नाही, मग ती तेलाला ढकलते, आणि तेल सीलच्या ओठातून बाहेर. कंपनीवाले गाडी रात्रभर ठेवून सकाळी थंड झाल्यावर उघडायचे. थंड भोपळ्यात हवा कुठली सुटायला?

"म्हणजे ते भोक मोकळं केलं की झालं?" मी विचारलं.

"झालं."

"मग तारेने मोकळं करा आणि गप्प बसा."

मी हे म्हटलं, आणि आजही मला त्याची लाज वाटत नाही. त्या क्षणी मला फक्त तिची रिकामी खोली दिसत होती. ती न्हाणीघरात पाणी ओतत होती त्याचा आवाज येत होता. "गळणं थांबेल, तिला वाटेल नवं सील बसलं. कुणाचं काय बिघडलं? सांगितलंत तर ती जाईल. ती बोलते तसं करते, तुम्हाला माहीत नाही का?"

हे तारेचा तुकडा हातात घेऊन उभे होते. माझं ऐकतील असं मला वाटत होतं. काळजी करणारी माणसं भित्री असतात आणि भित्र्यांना असे सल्ले आवडतात. "आणि उद्या बागेतल्या चिखलाने ती टोपी बुजली तर?" हे म्हणाले. "घाटात तेल यायला लागलं तर तिने कुठे बघायचं? सीलकडेच बघत बसेल. तिला कळायलाच हवं."

"चिठ्ठीवर लिहून... नाही तर फोरमनने सांगितलं म्हणा!"

"मीच केलंय गं," म्हणाले, आणि खुर्ची ओढून टेबलाशी बसले.

ती केस पुसत बाहेर आली. मी ओट्याकडे तोंड करून उभी राहिले. माझ्याने बघवेना. यांनी सरळ सांगायचं ठरवलं होतं, पण यांना काही सरळ सांगता येतं का? गंज, लेप, जुने ट्रक, असं गावभर फिरून शेवटी टोपीपाशी आले. "तुला न विचारता केलं. सांगितलंही नाही. तू फोरमनला जे बोललीस ते मला बोलायला हवं होतंस. खोली... तू म्हणाली होतीस ते माझ्या लक्षात आहे."

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी वळून बघितलं तर ती यांच्यासमोर बसली होती आणि तिचे डोळे भरले होते. आमची मुलगी रडत नाही. लहानपणी गुडघा फुटला तरी दगडाला लाथ मारून घरी यायची.

"लेप तुम्ही मारलाय ते मला माहीत होतं," ती म्हणाली. "त्याच दिवशी कळलं. तुमच्या चष्म्यावर काळे ठिपके होते, बाबा."

हे चष्मा काढून बघायला लागले. आत्ता!

"फोरमनने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, तळाला बाहेरून काही मारून घेतलंय का. मी म्हटलं नाही, शोरूममधूनच असं आलंय. एवढं ठासून सांगितलं की त्या बिचाऱ्याने परत तिकडे बघितलंच नाही. आणि मग मीच त्याला इतकं बोलले."

"पण का?" माझ्या तोंडून निघालं. "खरं सांगितलं असतंस तर पहिल्याच दिवशी मिटलं असतं!"

"खरं सांगितलं असतं तर ते घरीही बोलावं लागलं असतं ना. मग बोलले तसं करावं लागलं असतं." तिने टॉवेलने तोंड पुसलं. "मला जायचं नव्हतं, आई. मी नुसतं म्हणाले होते."

हे तिच्याकडे बघतच राहिले. या माणसाने आयुष्यात कशाची काळजी करायची बाकी ठेवली नव्हती. तिचा अपघात, तिचं आजारपण, तिचा राग, तिचं निघून जाणं, सगळं यांनी मनातल्या मनात शंभरदा घडवून बघितलं होतं. तिला आपल्याजवळ राहायचं असेल, हे तेवढं यांच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. हात पुढे करावा की नाही हे न कळून ते टेबलावरचं मीठ इकडचं तिकडे करत बसले, आणि मग उठून बाहेर गेले.

ती मागोमाग गेली. तारेने टोपी तिने मोकळी केली, यांनी बॅटरी धरली. मग पुसणं, पुन्हा पावडर, आणि या वेळी पावडर मी दुकानातून आणली होती, सगळ्यांत स्वस्त. ती पेट्यांच्या वजनाएवढी पोती लादून टेकडीच्या रस्त्याने जाऊन आली. भोपळा पिठात घोळल्यासारखा पांढराच होता. गाडीपाशी उभ्या उभ्याच तिने फोरमनला फोन लावला आणि माफी मागितली. तो काय म्हणाला कोण जाणे, ती मुकाट्याने ऐकून घेत होती.

दुसऱ्या दिवशी उन्हं उतरल्यावर, माश्या पेट्यांत परतल्या, तशी ती निघाली. पेट्यांवर जाळी बांधली, दोर ओढून बघितला. इंजिन सुरू केलं आणि खिडकीतून यांच्याकडे बघितलं. "बाबा, निघू?"

घाट, उतार, अंधार पडत येणारा, एकटी मुलगी. यांच्या कपाळावरची शीर उडत होती.

"निघ," हे म्हणाले. "गाडी चांगली आहे."

इतक्या वर्षांत कुठल्याही गोष्टीला, कडीला, लिफ्टला, मुलीसाठी बघितलेल्या एकाही स्थळाला यांनी चांगलं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. ती हसली आणि गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली. हे हात वर करून उभे होते. गाडी दिसेनाशी झाली, तरी हात खाली येईना. मी तो धरून खाली घेतला. बर्फासारखा गार.

"आत चला," मी म्हटलं.

"थांब जरा," हे म्हणाले. "घाट चढताना आवाज येतो इथपर्यंत. तेवढा ऐकू."

येत नाही आवाज. घाट कितीतरी लांब आहे. मी त्यांचा हात धरून उभी राहिले आणि कान देऊन ऐकू लागले.